स्टँडवरच्या चिठ्ठ्या काढा, कार्डं लावा

आलेलं पत्र (थोडक्यात): आमचं तालुक्याच्या गावचं 'ब' वर्ग वाचनालय आहे. वाचनकक्षात नऊ दैनिकं येतात. कार्यकारिणीतल्या एका तरुण सदस्याने वर्तमानपत्रांचा कल दाखवणारे अमेरिकेतले तक्ते पाहून प्रत्येक स्टँडवर रंगीत चिठ्ठी डकवली. भगवी म्हणजे उजवे, लाल म्हणजे डावे, पांढरी म्हणजे मध्यम. चार दिवसांत एक चिठ्ठी फाडली गेली आणि एका पांढऱ्या चिठ्ठीवर 'मध्यम' खोडून कोणीतरी 'विकाऊ' लिहिलं. एका गटाला एक दैनिक बंद करून हवंय, दुसऱ्याला दुसरं. वार्षिक सभा पंधरा दिवसांवर आली आहे. चिठ्ठ्या ठेवाव्यात की काढाव्यात? ठेवायच्या तर कोणतं पत्र कुठे बसतं हे कोणी ठरवायचं? ता. क. चिठ्ठीचा डिंक लाकडावरून निघत नाही.
— कार्यवाह

कार्यवाह महोदय, सप्रेम नमस्कार.

चिठ्ठ्या काढा, आणि सभेची वाट न पाहता काढा. त्या तरुण सदस्याला मात्र दुखवू नका. वाचकाला आपण कोणाचं वाचतोय हे कळावं, ही त्याची इच्छा रास्त आहे. चुकलं ते एवढंच की चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याने एका शब्दात कोंबली. मालक कोण? अग्रलेखाची भूमिका काय? बातम्यांची निवड आणि मथळे कोणाच्या सोयीचे? आणि छापलेलं खरं असतं का? तुमच्याकडे जे भांडतायत त्यांतला एक जण मालकाबद्दल बोलतोय, दुसरा अग्रलेखाबद्दल. 'विकाऊ' लिहिणाऱ्याचा मुद्दा तर पैशाचा आहे, त्याचा डाव्या-उजव्याशी काहीच संबंध नाही. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असू शकतं, म्हणून हे भांडण मिटत नाही.

ज्या तक्त्यांवरून ही कल्पना आली, तेही हे इतकं सोपं करत नाहीत. 'ऑलसाइड्स' डावीकडून उजवीकडे पाच घरं करतं, पण न्यूयॉर्क टाइम्ससारख्या पत्राच्या बातम्या आणि मतपानं यांना वेगवेगळे शेरे देतं. शिवाय आपण अचूकता मोजत नाही आणि 'मध्य' म्हणजे 'चांगलं' असं समजू नका, हेही ते स्वतःच सांगतं. 'अ‍ॅड फॉन्टेस'च्या तक्त्याला दोन अक्ष आहेत. आडवा कलाचा आणि उभा विश्वासार्हतेचा. तिथे मजकूर तपासणाऱ्या गटात डाव्या, उजव्या आणि मधल्या विचाराची माणसं मुद्दाम एकत्र बसवतात. एवढं करूनही तिकडे वाद थांबलेले नाहीत.

शब्द चुकला की काय होतं, त्याचा नमुना एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरवर दिसला. अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या खात्यावर 'सरकारशी संलग्न माध्यम' असा शिक्का बसला. खुद्द ट्विटरच्या नियमावलीत तोवर लिहिलेलं होतं की संपादकीय स्वातंत्र्य असलेल्या संस्था, उदाहरणार्थ बीबीसी आणि एनपीआर, या व्याख्येत येत नाहीत. ओरड झाल्यावर शिक्का बदलून 'सरकारी निधीवर चालणारं' झाला. एनपीआरच्या वार्षिक खर्चात केंद्र सरकारकडून थेट येणारा पैसा एक टक्क्याहूनही कमी होता. त्यांनी ट्विटर सोडलं. बीबीसीने आक्षेप घेतल्यावर तिच्यासाठी 'सार्वजनिक निधीवर चालणारं' अशी दुरुस्ती झाली. कॅनडाच्या सीबीसीबाबत तर '६९ टक्के सरकारी निधी' असा आकडाच शिक्क्यात आला. महिना संपायच्या आत सगळे शिक्के गायब. पैसा कोणाचा आणि ताबा कोणाचा हे दोन प्रश्न होते, त्यांना एकच चिठ्ठी पुरली नाही.

आता आपल्याकडे या. डावं-उजवं हे शब्द १७८९ च्या फ्रेंच सभेतल्या बाकांवरून आले. राजाच्या नकाराधिकाराच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधातले डावीकडे. मराठी वर्तमानपत्रांच्या जगात त्या बाकांवर सगळे मावत नाहीत. 'केसरी'चं काय कराल? इंग्रज सरकारविरुद्ध तो जहाल होता, आणि मुलींचं संमतीचं वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाला टिळकांनी विरोध केला. त्याच 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, ते बाहेर पडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढतात आणि विधेयकाच्या बाजूने उभे राहतात. कुठली चिठ्ठी कोणाला? राजकारणाची एक आणि समाजकारणाची एक, अशा दोन लागतील. पुढे १९२० साली डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला, तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊ केलेली जाहिरातसुद्धा छापली नाही. या गाळण्याचा कल डाव्या-उजव्या मापात दिसतच नाही. त्यांनी ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकातल्या मनोगतात तेव्हाच्या पत्रांचा हिशेब मांडला, तो याच अंगाने: बहुतेक पत्रं कोणत्या जातीचं हित पाहतात, आणि बहिष्कृतांच्या प्रश्नाला 'दीनमित्र', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोध पत्रिका' अशा मोजक्या पत्रांत तरी किती जागा मिळते. वर्तमानपत्राचा कल तपासायची मराठीतली याहून चांगली रीत आम्हाला तरी माहीत नाही. कोणाचं हित, आणि किती जागा.

आजही आपल्याकडे कलाचे तीन-चार धागे एकमेकांत गुंतलेले असतात. पक्ष, जात, प्रदेश, भाषा, आणि शेतमाल विकणारा की विकत घेणारा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी केली, त्या आठवड्याचे अंक काढून पाहा. लासलगावच्या वाचकासाठी काढलेलं पान आणि मुंबईच्या ग्राहकासाठी काढलेलं पान यांत मालक एक असूनही फरक का पडू शकतो, हे कोणत्याही पक्षाचं नाव न घेता समजतं. म्हणून पहिला नियम हा की शेरा द्यायचाच तर आवृत्तीला द्या, समूहाला नको.

नावावरूनही जाऊ नका. नागपूरचा 'तरुण भारत' नरकेसरी प्रकाशनाचा, संघविचाराचा. बेळगावचा 'तरुण भारत' बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली काढला, त्याची ओळख सीमाप्रश्नाची. नाव एक, घरं दोन. तुमच्याकडे यातला एकच येत असेल, पण चिठ्ठी लावणाऱ्याने आणि फाडणाऱ्याने दोन वेगळे डोळ्यांसमोर ठेवले असण्याची शक्यता बरीच आहे.

सभेच्या आधी काय जमेल ते सांगतो. पोस्टकार्डाएवढं पांढरं कार्ड, एकाच काळ्या शाईत, सगळ्या स्टँडवर सारख्या जागी. रंग अजिबात नको. आपल्याकडे भगवा, निळा, हिरवा, लाल यांतला एकही रंग मुका नाही. कार्डावर पाच ओळी:

मालक व प्रकाशक.
संपादक.
मालक किंवा त्यांच्या जवळच्या नात्यातलं कोणी निवडून आलेलं पद किंवा पक्षपद भूषवतं किंवा भूषवत होतं का.
पत्राने स्वतः जाहीर केलेली भूमिका, असल्यास.
आवृत्ती, आणि कार्ड लिहिल्याची तारीख.

माहिती मिळवायला फार लांब जावं लागत नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात 'हे वृत्तपत्र ... यांनी ... येथे छापून ... येथे प्रसिद्ध केले' अशी ओळ असते. तिच्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक मिळतात. मालकीसाठी जुने मार्चचे अंक काढा. १९५६ च्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४' छापावा लागे आणि त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असणाऱ्या भागधारकांची नावं द्यावी लागत. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा आला आहे. तेव्हा २०२३ किंवा त्याआधीच्या वर्षाचा मार्चचा अंक धरा आणि आजच्या तळओळीशी ताडून पाहा. रद्दीवाल्याला द्यायच्या आधी हे करा, एवढंच. नेत्यांच्या मालमत्तेची माहिती त्यांच्या निवडणूक प्रतिज्ञापत्रांत असते, ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे.

कार्ड कसं दिसेल? 'सामना'च्या कार्डावर चौथी ओळ सर्वांत सोपी: संस्थापक बाळासाहेब ठाकरे, १९८८ पासून शिवसेनेचं मुखपत्र, २०२२ च्या फुटीनंतर उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे. 'लोकमत'वर: संस्थापक जवाहरलाल दर्डा, काँग्रेसचे मंत्री, कुटुंबातले विजय दर्डा राज्यसभेचे माजी खासदार, राजेंद्र दर्डा माजी मंत्री. 'सकाळ'वर: १९३२ साली नानासाहेब परुळेकरांनी सुरू केलं, नंतर प्रतापराव पवार यांच्याकडे, ते शरद पवारांचे बंधू. 'लोकसत्ता'वर इंडियन एक्स्प्रेस समूह, 'महाराष्ट्र टाइम्स'वर टाइम्स समूह, आणि तिसऱ्या ओळीत काही नसेल तर सरळ रेघ. यातल्या कशालाही 'म्हणून ते अमक्याच्या बाजूचं' अशी शेपटी जोडायची नाही. दर्डांचं नाव वाचून वाचक काय ते ठरवील. मालकाचा पक्ष आणि बातमीचा कल एकच असतो असं सिद्ध करण्याची जबाबदारी वाचनालयाने घेऊ नये. ती घेतलीत तर अनुदानित संस्थेच्या भिंतीवरून एखाद्या प्रकाशकाविषयी शेरा गेला असं होईल, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे. कागदावर दाखवता येईल तेवढंच लिहा.

तारखेची ओळ कोणाला क्षुल्लक वाटेल, पण सगळ्यात जास्त घोटाळा तीच टाळते. २०१९ च्या निवडणुकीपर्यंत शिवसेना भाजपबरोबर होती. २८ नोव्हेंबर २०१९ ला ती दोन्ही काँग्रेसबरोबर सत्तेवर आली. त्या दिवशी 'सामना'चं नाव बदललं नाही, छापखाना बदलला नाही, पण महिन्यापूर्वीची 'सत्ताधारी युतीचं' ही चिठ्ठी खोटी ठरली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. पाच वर्षांत तीनदा पाटी पुसावी लागेल अशा राज्यात बिनतारखेची चिठ्ठी लावणं म्हणजे गेल्या वर्षीचं पंचांग भिंतीवर ठेवणं. वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, कार्डं पुन्हा तपासा.

यापुढे जाऊन 'बातम्यांत कल दिसतो का' हे पाहायचंच असेल, आणि तुमचा तरुण सदस्य ते पाहिल्याशिवाय राहणार नाही, तर त्याला हे काम द्या. सभेनंतर, घाई न करता.

नऊच्या नऊ घेऊ नका, चार दैनिकं घ्या. गेल्या सहा महिन्यांतले २६ सोमवार चिठ्ठ्यांवर लिहून वाटीत टाका आणि दोन उचला. मग मंगळवार, असं रविवारपर्यंत. प्रत्येक पत्राचे १४ अंक झाले. सलग दोन आठवडे घेतले तर त्या पंधरवड्यात गाजलेलं एखादं प्रकरण सगळं माप आपल्याकडे ओढतं. निवडणुकीचा महिना त्यात आला तर त्याची वाटी वेगळी ठेवा. प्रत्येक अंकातले पहिल्या पानावरचे आणि राज्याच्या पानावरचे मिळून पाच ठळक राजकीय मथळे उतरवा. ५६ अंकांचे २८० मथळे. अग्रलेख, सदरं, बाहेरच्या लेखकांचे लेख, वाचकांची पत्रं यांतलं काहीही इथे घ्यायचं नाही. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते: अग्रलेख वाचून बातम्यांना शेरा देतात.

मथळे हाताने न लिहिता एकाच फाँटात टाइप करा आणि पत्राचं नाव काढून टाका. कात्रण दाखवलं की टाइपावरून पत्र ओळखू येतं आणि खेळ संपतो. तपासायला किमान तीन माणसं, वेगवेगळ्या मतांची. त्यांनी आपलं राजकीय मत आधी बंद पाकिटात लिहून ठेवायचं. हे पाकीट का, ते सांगतो. १९८२ च्या बैरुत हत्याकांडाच्या दूरचित्रवाणी बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८५ साली निष्कर्ष छापले होते. त्याच फिती पाहून दोन्ही बाजूंना बातम्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. तुमच्या वाचनकक्षात वेगळं काही घडत नाहीये.

'हा मथळा डावा की उजवा' हा प्रश्न विचारूच नका. तीन साधे प्रश्न विचारा. मथळ्याचा कर्ता कोण? क्रियापद कोणतं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं पहिल्या तीन परिच्छेदांत आहे का? (तिसऱ्यासाठी मथळ्याबरोबर तेवढा मजकूरही टाइप करावा लागेल.) मराठीत क्रियापदात सगळं येतं. एकाच माणसाचं एकच वाक्य 'म्हणाले', 'ठणकावले', 'बरळले', 'कबुली दिली', 'दावा केला' यांतल्या कशानेही सांगता येतं. तीच घोषणा 'शेतकऱ्यांना मदत देणार: मुख्यमंत्री' अशी येते, 'मदतीचे पुन्हा आश्वासन' अशी येते, आणि 'मदतीची घोषणा, तारीख गुलदस्त्यात' अशीही येते. तिन्हींत खोटं काही नाही. पीटीआय या वृत्तसंस्थेची बातमी तर सगळ्यांकडे एकच असते, घरचा असतो तो मथळा. 'घणाघात' आणि 'हल्लाबोल' मात्र मोजू नका, ते आता सगळ्याच पत्रांत मीठासारखे पडतात.

या तीन उत्तरांवरून प्रत्येक मथळ्याला शेरा द्या: सत्ताधाऱ्यांना अनुकूल, प्रतिकूल, सांगता येत नाही. कोणते सत्ताधारी तेही लिहा. नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ मध्ये मुंबईत एक आघाडी आणि दिल्लीत दुसरी होती, तेव्हा नुसतं 'सरकारविरोधी' म्हणण्याला अर्थ नव्हता. एका बैठकीत ७० मथळे पुरेत. चार संध्याकाळी २८० होतात.

आता यात हमखास फसतं ते गणित. समजा पहिल्या ४० मथळ्यांवर दोघांचे शेरे २८ ठिकाणी जुळले. सत्तर टक्के, छान वाटतं. पण दोघांनीही ६० टक्के मथळ्यांना 'सांगता येत नाही' आणि बाकी दोन खान्यांत वीस-वीस टक्के दिले असतील, तर डोळे मिटून शेरे दिले असते तरी ३६ (साठाचे साठ टक्के) अधिक ४ अधिक ४ (विसाचे वीस टक्के, दोनदा), म्हणजे ४४ टक्के ठिकाणी जुळलंच असतं. म्हणजे कमावण्यासारखे होते ५६, कमावले २६. भागाकार ०.४६. या प्रकारच्या कामात ०.८ ला भरवशाचं मानतात, आणि सुमारे ०.६७ च्या खाली गेलं की निष्कर्ष काढत नाहीत. ०.४६ आलं तर शेरा कोणाचा बरोबर यावर वाद घालू नका. कोणत्या मथळ्यांवर फाटलं ते काढा, नियम स्पष्ट करा ('दावा केला' हे प्रतिकूल धरायचं का?), आणि नवे ४० मथळे घेऊन पुन्हा करा. जुन्याच चाळिसांवर पुन्हा केलं तर आठवणीने जुळतं.

जागाही मोजायची असेल तर फूटपट्टी घ्या. आठ स्तंभांच्या, साधारण ५२ सेंटिमीटर उंचीच्या पूर्ण पानावर ४१६ स्तंभ-सेंटिमीटर होतात. जाहिरातींची जागा आधी वजा करा, नाहीतर जाहिराती भरपूर असलेल्या पत्राने बातम्याच कमी दिल्या असं दिसेल.

'विकाऊ' लिहिणाऱ्या सभासदाचं राहिलं. त्याला हसण्यावारी नेऊ नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत स्पर्धक मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः एकाच मजकुरात छापून आली होती, आणि पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये अहवाल काढला. पण याला कल म्हणत नाहीत. कल असलेलं पत्र सत्ता बदलली की भूमिका धरून बसतं. जाहिरातीच्या आशेवर असलेलं पत्र नव्या सत्तेबरोबर वळतं. पारख करायची तर ३० जून २०२२ च्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन महिने शेजारी ठेवा. सत्तेतली बाजू बदलली आणि सत्ताधाऱ्यांविषयीचा गोड सूर तोच राहिला, तर तो सूर सत्तेसाठी होता. आपल्याकडचं 'मध्यम' बऱ्याचदा हेच निघतं, त्यामुळे पांढऱ्या चिठ्ठीवर खोडाखोड करणाऱ्याचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नाही. तरीही ती खोडाखोड कार्डावर येऊ देऊ नका.

निष्कर्ष हाती आले तर ते स्टँडवर नको. एका फळ्यावर महिनाभर ठेवा, वर लिहा: कोणते १४ दिवस, किती मथळे, तपासणारे किती, जुळणी किती. आक्षेपासाठी वही ठेवा. तीन तारखा आणि पानक्रमांक दिल्याशिवाय आक्षेप नोंदवायचा नाही, आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. या एका अटीने निम्मे आक्षेप वहीपर्यंत पोहोचत नाहीत, उरलेले वाचण्यासारखे असतात. त्याच फळ्याच्या कोपऱ्यात दर सोमवारी एका बातमीचे चार मथळे लावा, शेरा न देता. लोक तिथे थांबतात.

दैनिक बंद करण्याच्या मागण्या सभेपुढे येतील. त्यांना एकच निकष लावा: महिनाभर रोज दुपारी आणि संध्याकाळी कोणतं पत्र किती जणांच्या हातात आहे ते मोजा, आणि वर्गणी परवडेनाशी झाली तर सर्वांत कमी हाताळलं जाणारं बंद करा. कलाच्या कारणावरून एक बंद केलंत तर पुढच्या कार्यकारिणीच्या हातात दुसरं बंद करायचं कारण दिलंत. स्टँड अकारविल्हे मांडा, म्हणजे कोण दाराजवळ आणि कोण खिडकीशी यावरून कुजबुज होणार नाही.

डिंकाचं: चिठ्ठीवर खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. ब्लेड लावू नका, पॉलिश जातं. नवी कार्डं डिंकाने चिकटवू नका, चिमट्याने लावा.